तिसरा परिच्छेद

"ताई, देवानं जलम एकच दिलाय त्याला. तीन जलमठेपा भोगायच्या कुठून?"

कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या मावशींनी हे विचारलं तेव्हा शिक्षा सुनावून अर्धा तासही झाला नव्हता. २०१८चा पावसाळा होता. मी सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील होते, आणि चार वर्षं ज्या खटल्याची कागदपत्रं उशाला घेऊन झोपले तो त्या दिवशी संपला होता.

प्रकरण बांधाचं. ऐन पेरणीत चुलत पुतण्यानं मावशींच्या नवऱ्यावर कुऱ्हाड चालवली. आरडाओरडा ऐकून मुलगा धावत आला, त्याच्यावर दुसरा वार. औत सोडून मधे पडला तो त्यांचा सालगडी. बापलेक जागीच गेले. सालगड्याच्या मांडीवर वार बसला होता, तो सरकारी दवाखान्यात १९ दिवस जगला. पेपरात मथळा आला 'बांधाच्या वादातून बापलेकाचा खून'. सालगडी खाली शेवटच्या ओळीत 'अन्य एक जखमी' होता. तो गेला त्याची बातमी आलीच नाही.

पोलिसांच्या कागदांतही खुनाचं कलम ३०२ एकदाच लावलेलं होतं, तिघांना मिळून. मी दोषारोपाचा जो मसुदा दिला त्यात प्रत्येक मृत्यूचा दोषारोप वेगळा केला. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २१८ तेच सांगत होतं: गुन्हा वेगळा तर दोषारोप वेगळा. बचावाच्या वकिलांनी जोरदार हरकत घेतली. जागा एक, कुऱ्हाड एक, सगळं पाच मिनिटांत घडलेलं, मग गुन्हे तीन कसे? मी म्हटलं, कुऱ्हाड एक होती, पण ती तीनदा उचलली गेली. बापाला मारल्यावर ती टाकून देता आली असती. मुलाला मारल्यावरही आली असती. आणि तिसऱ्याचं तर त्या बांधाशी काही देणंघेणंच नव्हतं, त्याच्या नावावर कुठेच जमीन नव्हती.

न्यायाधीशांनी तीन दोषारोप ठेवले. त्याबरोबर माझं कामही तिप्पट झालं, कारण प्रत्येक मृत्यू आपापल्या पुराव्यावर उभा करावा लागतो. सालगड्याच्या बायकोची साक्ष मी मुद्दाम घेतली. ती प्रत्येक तारखेला यायची आणि बाहेर व्हरांड्यातच बसायची. आत बस असं तिला कोणी म्हटलंच नव्हतं. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती खाली बघत गप्प राहिली. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. ती तरी गप्पच. नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं तिनं. शेवटी मी कागदावरचं नाव वाचलं आणि तिनं मान हलवली.

दोषी ठरवल्याचा निकाल बुधवारी झाला, शिक्षेवरची सुनावणी शुक्रवारी होती. मधल्या दिवशी मावशींची लेक माझ्याकडे आली. "ताई, तिन्ही एकामागून एक भोगायला लावा, म्हणजे तो बाहेर यायचाच नाही." मलाही ते पटत होतं. रात्री युक्तिवादात तसा मुद्दा लिहिला, आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१६चा मुथुरामलिंगम प्रकरणातला निकाल पुन्हा काढला. तमिळनाडूतलं प्रकरण, एकाच घटनेत अनेक खून. प्रत्येक खुनाला एक जन्मठेप, आणि त्या एकामागून एक भोगायच्या असा आदेश झालेला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की खून अनेक असतील तर जन्मठेपाही अनेक देता येतील, पण त्या रांगेत उभ्या करता येणार नाहीत. जन्मठेप म्हणजे माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य. ते संपल्यावर दुसरी शिक्षा सुरू करायची कोणावर? म्हणून त्या एकावर एक चढतात आणि एकाच वेळी भोगल्या जातात. मी माझा मुद्दा खोडला.

'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे वाक्य मी पक्षकारांकडून ऐकलंय, शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय आणि पोलिसांकडूनही. ते खरं नाही. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष १४ वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला सुटकेचा विचारच करता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेलं कलम ४३३-अ हेच सांगत होतं. १४ वर्षांनी सुटकेचा हक्क मिळत नाही, अर्जाचा विचार होऊ शकतो. २० वर्षं झाली म्हणजे शिक्षा संपली, असं गोपाळ गोडसेनं तुरुंगात मिळालेले शिक्षामाफीचे दिवस धरून सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं. १९६१ साली न्यायालयानं ते फेटाळलं. सरकारनं माफी दिली नाही तर जन्मठेप मरेपर्यंत. आपल्याकडे लोक हटकून सावरकरांच्या पन्नास वर्षांचा दाखला देतात. पण १९१०-११ साली काळ्या पाण्याची एक जन्मठेप २५ वर्षांची धरत, म्हणून त्यांच्या दोन जन्मठेपांची बेरीज होऊ शकली. आता जन्मठेपेला आकडाच नाही, तर बेरीज कशाची करणार?

शुक्रवारी आरोपीला विचारलं गेलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का. तो म्हणाला, लेकरं लहान आहेत. मग न्यायाधीशांनी आदेश मराठीत समजावून सांगायला घेतला. पहिल्या परिच्छेदात मावशींच्या नवऱ्याचं नाव, जन्मठेप, दहा हजार दंड. दुसऱ्यात मुलाचं. तिसऱ्यात सालगड्याचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आडनावासह. ते नाव कानावर पडताच मागच्या भिंतीशी बसलेली त्याची बायको उठून उभी राहिली. आपल्याला पुकारा झाला असं तिला वाटलं असावं. पट्टेवाल्यानं खूण केली तरी ती बसली नाही. परिच्छेद संपेपर्यंत तशीच उभी होती. "सर्व शिक्षा एकत्रितपणे भोगायच्या," असं म्हणून न्यायाधीश उठले.

म्हणून मावशींचा तो प्रश्न. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. म्हटलं, "मावशी, थंडीत तुम्ही एकावर एक तीन गोधड्या घेता. एक कोणी ओढली तर उघड्या पडता का? उद्या वरच्या कोर्टात एका खुनात तो सुटला तरी बाकीच्या दोन शिक्षा अंगावर राहतात. आणि सरकारनं एका जन्मठेपेत माफी दिली, तर ती आपोआप दुसरीला लागू होत नाही." मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे गड्याची बी येगळी हाय?" मी हो म्हटलं. "मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "तो आमच्यापायी गेला."

पाच वर्षांनी अपिलाचा निकाल आला. बापलेकाच्या दोन्ही जन्मठेपा कायम राहिल्या. सालगड्याचा मृत्यू जखमेत जंतुसंसर्ग होऊन झाला होता आणि वार मांडीवरचा होता. त्यामुळे तो खून नसून सदोष मनुष्यवध ठरला आणि जन्मठेपेच्या जागी दहा वर्षं आली. हे मला पटलेलं नाही, आजही नाही. कुऱ्हाडीचा घाव नसता तर तो माणूस दवाखान्यात गेलाच नसता. पण तिघांचे मृत्यू एकाच दोषारोपात बांधले असते, तर तिसऱ्याबद्दलच्या शंकेनं पहिल्या दोघांचाही पाया हलवायचा प्रयत्न झाला असता, हे मला तेव्हा नीट कळलं.

अपील निकाली निघेपर्यंत दंडाच्या रकमेतली भरपाई देता येत नाही. ती आता मिळणार होती, म्हणून मी सालगड्याच्या बायकोला निरोप धाडला. ती मुलाला घेऊन आली. दहा वर्षांचं मी तिला जसं आहे तसं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "कागदातून काढलं का त्यांना?"

"नाही. तो दोषी तो दोषीच. फक्त शिक्षा कमी झाली."

मग अर्ज भरायला घेतला. मयताचं पूर्ण नाव, या रकान्याशी मी थांबले आणि सवयीनं मुलाकडे पाहिलं. तो तोंड उघडणार एवढ्यात तिनं पदर सावरला आणि नाव सांगितलं. आधी त्याचं, मग सासऱ्याचं, मग आडनाव. मी लिहून घेतलं.