दया आणि सनी

यंदा आमच्या चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाला भाषणं कमी आणि जुनी गीतं जास्त, असं ठरलं तेव्हा सगळ्यात जोरात मान मीच डोलावली. शिक्षा म्हणून गीतं निवडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. म्हणून भर दुपारी, डोळा लागायच्या वेळेला, आजीचं गीतपुस्तक मांडीवर घेऊन बसले. पुस्तकाची पाठ कधीचीच सुटलेली. आजीने ती परकराच्या नाडीने बांधली होती. नाडी अजून तीच आहे.

आजीला गीतांच्या ओळींपेक्षा आकडे पाठ. भाजी निवडता निवडता ती नुसता नंबर सांगायची आणि समोरच्याने निमूटपणे सुरुवात करायची. नंबर चुकला तरी तिचं काही अडायचं नाही, कारण लागलेलं गीतही तिला येतच असे.

पानं उलटताना मध्येच 'दयासनी' हा शब्द दिसला आणि निवड तिथेच थांबली.

छापलेला शब्द अगदी एकसंध आहे. पण चाल विलायती. ती 'दया'वर येऊन टेकते, पेटीचा भाता भरून घेते आणि मग वर चढून 'सनी' म्हणते. त्यामुळे सात-आठ वर्षांची होईपर्यंत माझी खात्री होती, की प्रभूजवळ दया आणि सनी अशी दोघं असतात. आमच्या रविवारच्या शब्बाथशाळेत एक दया होती आणि एक सनीही होता, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. हा सनी माझ्या वेण्या ओढायचा. असल्या मुलाचं नाव गीतात, आणि माझं नाही!

शेवटी आजीला विचारलं. ती हसली नाही. तिने सरळ शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं आणि त्यातल्या निर्गममधलं वाचून दाखवलं: कराराच्या कोशावरचं, म्हणजे देवाच्या पवित्र संदुकीवरचं, दयासन, शुद्ध सोन्याचं, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दोन टोकांना दोन करूब नावाचे देवदूत, पंख पसरलेले, तोंडं समोरासमोर. मी मनातल्या मनात माप घेतलं. अडीच हातांत दोघं बसतात की! म्हणजे एका टोकाला दया, दुसऱ्या टोकाला सनी. आजीला वाटलं, मला समजलं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांत असले घोटाळे होत नाहीत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगायचा, आणि चालतानाही त्याच पुलाच्या दगडांवर पाय ठेवायचा. अभंग टाळांवर आपोआप बसतो, शब्दाला कुठे धाप लागत नाही. विलायती चालींचं तसं नाही. तिथे अक्षरं मोजून घेतलेली असतात, आठ-सात, आठ-सात. आकडा जुळला की झालं. त्यात कुठल्या ऱ्हस्वाला ताणलं आणि कुठल्या दीर्घाला चेपलं, हे विचारायचं नाही. हे सगळं मला कळतं. तरी पेटीवर ती चाल सुरू झाली की टिळकांचा अभंग बाजूला ठेवून मी तिकडेच वळते. याला काय म्हणावं?

सरावाला गायकवृंदाचा तरुण प्रमुख म्हणाला, "मावशी, हा शब्द तोडायचा नाही. श्वास 'दया'च्या आधी घ्यायचा." पोराचं शंभर टक्के बरोबर होतं. त्याने पोरांकडून पाच वेळा, दहा वेळा घोटून घेतलं. 'दयासनी' अखंड यायला लागला, अर्थ लख्ख झाला आणि मला उगाच कुणीतरी घर सोडून गेल्यासारखं वाटलं. मी काही बोलले नाही. बोलणार काय? सनी कुठे गेला म्हणून?

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, भरलं होतं. चौथं गीत हेच. पाळकसाहेबांनी मंडळीला उभं राहायला सांगितलं. पुढे गायकवृंद सुरेख सुरू झाला, आणि त्या ओळीवर मागच्या बाकांनी सवयीने 'दया'वर श्वास घेतला. गायकवृंद पुढे निघून गेला. मागून पन्नास-साठ जाड, कापऱ्या आवाजांत 'सनी' आला, उशिरा, पण खणखणीत.

लहानपणी मागचे बाक म्हणजे आजी आणि तिच्या मैत्रिणी. मी आजूबाजूला पाहिलं. वेण्या ओढणारा सनी दोन बाक सोडून, चष्मा कपाळावर, डोळे मिटून गात होता.

दुसऱ्या कडव्यालाही तेच झालं. तिसऱ्याला त्या पोराने आमच्याकडे एकदा पाहिलं. 'दया' झाल्यावर तळहात वर धरला, पेटीवाल्याला डोळ्यांनीच थांबवलं, आणि आमचा श्वास घेऊन होईपर्यंत हात तसाच वर ठेवला.