तुम्ही विचारलंत म्हणून: लढायचं नाही, तर खेळता कशाला?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. विचारणारे बहुतेक माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यानं तर मागे उभं राहून थोडा वेळ माझ्या संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि सरळ तोफ डागली, "मावशे, झूज ना जाल्यार खेळटा कित्याक?" (घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि लिहायला बसलं की मराठी येते. गोव्यात, आमच्या फोंड्यातल्या पुष्कळ घरांत असंच चालतं.)

खेळ म्हणजे 'मास्टर ऑफ ओरायन'. 1993 सालचा. सिमटेक्सनं तयार केला आणि मायक्रोप्रोजनं बाजारात आणला. मूळचा डॉस या जुन्या संगणक-प्रणालीचा, पण तिची नक्कल करणारं डॉसबॉक्स घातलं की आजही कुठल्याही जुनाट लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो. पडद्यावर आकाशगंगेचा नकाशा, त्यात विखुरलेले तारे, त्यातला एक तुमचा. साल 2300. हाताशी वसाहत करायला एक जहाज आणि टेहळणीला दोन. एक खेळी म्हणजे एक वर्ष. तुम्ही तुमची कामं उरकून पुढचं वर्ष मागेपर्यंत सगळं विश्व जागच्या जागी थांबून राहतं. आमच्याकडे जून-जुलैत वीज जाते, इन्व्हर्टर मान टाकतो, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. अशा घरात धावता खेळ परवडत नाही. हा परवडतो.

या जातीच्या खेळांना 'फोर एक्स' म्हणतात, आणि ते नाव याच खेळामुळे पडलं. अ‍ॅलन एमरिच यांनी 1993 मध्ये 'कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' या मासिकात त्याची ओळख करून देताना चार क्रिया मांडल्या: धुंडाळा, पसरा, उपसा, संपवा (इंग्रजीत एक्सप्लोर, एक्स्पांड, एक्सप्लॉइट, एक्स्टर्मिनेट, म्हणून चार 'एक्स'). पोरांच्या डोक्यात चौथी बसली ती बसलीच. बोलणी, तह, करार यांना त्या यादीत जागाच नाही. खेळ रचणाऱ्यांनी मात्र जिंकायची दुसरी वाट ठेवलेली आहे. नकाशावरचे दोन तृतीयांश तारे वसले की आकाशगंगेची परिषद भरते. त्यानंतर दर 25 वर्षांनी. सगळ्यात जास्त लोकसंख्येची दोन साम्राज्यं उमेदवार. ज्याची जेवढी प्रजा तेवढी त्याची मतं. दोन तृतीयांश मतं पडली की तो सम्राट, खेळ खलास. मी या वाटेनं जाते.

आता लोकांना वाटतं, ही बाई शांतताप्रिय दिसते. तसं काही नाही, आणि हे सांगायलाच मी बसले आहे.

सुरुवातीला जहाजाच्या इंधनाची मजल तीन पार्सेक (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं माप). तेवढ्या टप्प्यात दोन-चार तारे आले तर नशीब. त्यातला एखादा हिरवागार, बाकीचे ओसाड. नवी वसाहत केली की तिथून पुढे पुन्हा तेवढीच मजल, म्हणजे तारा घेताना तुम्ही त्याच्यापलीकडचंही काही घेत असता. आणि दुसरं कोणी आसपास आहे हे तुमचा टप्पा त्याच्या वसाहतीला भिडेपर्यंत कळतच नाही. भिडला की एकदम समोर कुणीतरी सिंहासनावर बसून तुमच्याकडे बघतंय. पसरणं आणि ओळख होणं ही एकच खेळी आहे. पोरांना ती दोन वेगळी खाती वाटतात: आधी पसरायचं, मग जमलं तर बोलायचं, नाहीतर ठोकायचं. खरं तर तुम्ही जो तारा घेता, त्याची किंमत त्याच वर्षी कुणाच्या तरी डोक्यात चढवली जाते. शेजाऱ्याच्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला लागून तुम्ही बांध घातलात, भले स्वतःच्या जागेत, तरी दुसऱ्या दिवशी त्याचं 'देव बरें करूं' जरा कोरडं येतं. इथेही तेच. संबंधांची एक पट्टी असते, एका टोकाला हाडवैर आणि दुसऱ्या टोकाला गळामिठी. तुम्ही वाढत गेलात की ती आपोआप वैराकडे सरकू लागते. तिला रोखून धरणं हा माझा खेळ.

एक डाव जवळून दाखवते. खेळातल्या जमातींपैकी मी माणसं घेऊन खेळते आहे, घर सूर्यावर. वरच्या बाजूला साक्रा, म्हणजे सरड्यांसारखे लोक. त्यांची प्रजा इतरांच्या दुप्पट वेगानं वाढते. उजवीकडे क्लॅकॉन, मुंग्यांसारखे, कारखान्यांत कोणाला ऐकणार नाहीत. तिघांच्या मध्ये एक पिवळा तारा. त्याच्याभोवती वाळवंटी ग्रह, खनिजांच्या नावानं शंख. माझं वसाहतीचं जहाज तयार आहे आणि तो ग्रह माझ्या टप्प्यात आहे. भाचा म्हणाला, "घे, घे, नाहीतर ते घेतील."

मी घेतला नाही. जहाज पाठीमागच्या एका तांबड्या ताऱ्याकडे पाठवलं, जिथे कोणाचीच नजर नव्हती. पुढे काही वर्षांनी साक्रा त्या वाळवंटात उतरले आणि त्यांचा टप्पा क्लॅकॉनांना जाऊन भिडला. त्यांची सीमा लागली, कुरबुर सुरू झाली, मग लढाई. दोन आघाड्यांवर लढायची कुणाचीच इच्छा नसते. दोघांनाही मी एकाएकी आवडू लागले. दोघांशी व्यापाराचे करार केले. या करारात सुरुवातीची काही वर्षं पदरचं घालावं लागतं, मग हळूहळू फायदा चढत जातो. म्हणून करार मोडणाऱ्याचं नुकसान दुहेरी, आणि म्हणूनच मोठा व्यापार चालू असलेला शेजारी सहसा अंगावर येत नाही. त्या वाळवंटापायी माझं एकही जहाज खर्ची पडलं नाही. शांततेत झालं सगळं. पण यात सात्त्विक काय होतं ते मला दाखवा.

फोंड्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. 1543 पर्यंत गोव्यातले तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले होते, आणि पुढची दोनशेहून जास्त वर्षं ते बहुतेक तेवढ्यावरच अडून राहिले. 1683 मध्ये विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) कोंद दि आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला, तर संभाजीराजांनी येऊन त्याला पिटाळून लावलं. लढून जे जमलं नाही ते पुढे दुसऱ्यांच्या भांडणानं त्यांच्या पदरात टाकलं. फोंडा तेव्हा सोंद्याच्या राजाकडे होता; हैदर अलीनं सोंदेकरांवर चाल केली, राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला गोव्यात आला, आणि 1763 च्या सुमारास फोंडा गेला. सावंतवाडीकरांवर कोल्हापूरचा दाब आला, त्यांना मदत हवी होती, आणि 1788 च्या तहात पेडणे गेलं. मधल्या काळात डिचोली आणि सत्तरी. पंचवीसएक वर्षांत जुन्या काबिजादींपेक्षा, म्हणजे आधी जिंकलेल्या त्या तीन तालुक्यांपेक्षा, कितीतरी मोठा मुलूख नव्या काबिजादी म्हणून हाताला लागला. साष्टीतून होडीत घालून इथे आणलेले आमचे मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा ज्या सीमेच्या भरवशावर दोन शतकं निर्धास्त होते, ती सीमाच पुढे सरकून त्यांच्या अंगणात आली. तोवर दिवस बदलले होते. या मुलखातल्या देवळांना आणि रीतिरिवाजांना हात लावणार नाही असं पोर्तुगिजांनी कबूल केलं. ते कबूल करणं हाही मुलूख पचवण्याचाच भाग होता. शाळेत हा धडा आम्ही सनावळी म्हणून पाठ केला. त्या वाळवंटी ग्रहावरून जहाज वळवताना तो मला कळला, आणि विजरईच्या खुर्चीत बसून कळला हे काही फार सुखाचं नव्हतं.

बरं, बोलण्यांची खरी मजा विद्येच्या देवघेवीत आहे. या खेळात एक खुबी आहे. संशोधनाच्या सहा शाखा, पण प्रत्येक डावात तुमच्या वाट्याला सगळे शोध येत नाहीत. काही गाळलेलेच असतात, आणि कुठले ते डावागणिक बदलतं. समजा ओसाड ग्रहावर राहायची विद्या तुमच्या नशिबात नाही. मग ती कुणाकडून तरी मागायची, चोरायची किंवा त्याचा ग्रह जिंकून मिळवायची. मागायची तर बदल्यात काय द्यायचं? भाचा म्हणेल, जुनी हत्यारं दे. हत्यारं मी शेजाऱ्याला देत नाही. उमेदवार होऊ शकेल अशा कुणाला जमीन सुधारण्याची विद्याही देत नाही, दिसायला ती कितीही निरुपद्रवी असली तरी. जमीन सुधारली की ग्रहावर जास्त माणसं मावतात, माणसं वाढली की मतं वाढतात. साक्रांना तसला एक शोध देणं म्हणजे पुढच्या परिषदेत त्यांच्या पेटीत मूठभर मतं आपण होऊन टाकणं. तोच शोध दूरच्या, लहान, माझ्यावर लोभ असलेल्या जमातीला द्यावा. त्यांची मतं वाढतात आणि ती माझ्याकडे येतात.

समोरचा कसा आहे यावरही पुष्कळ असतं. प्रत्येक राजाला डावाच्या सुरुवातीला एक स्वभाव लावून दिलेला असतो. कोणी सच्चा, कोणी आक्रमक, कोणी परक्यांचा तिटकारा असलेला. 'इरॅटिक', म्हणजे लहरी, म्हणून एक प्रकार आहे. त्याच्याशी केलेला तह मी हिशेबातच धरत नाही, तो कारणाशिवाय उठून लढाई पुकारतो. मी पतसंस्थेत कर्जवसुलीचं काम पाहते, असली मंडळी मला नवी नाहीत. सच्च्याला दिलेला शब्द मात्र मोडू नये. ते लक्षात ठेवतात, आणि मोडलेला शब्द मतदानाच्या वेळीच निघतो. जैविक अस्त्रं वापरलीत तर ज्याच्यावर टाकलीत त्याच्यासकट सगळी आकाशगंगा तुमच्यावर चिडते.

आणि हो, मी निःशस्त्र नसते. प्रत्येक वसाहतीवर क्षेपणास्त्रांचे तळ असतात, सरहद्दीवर जरा जास्तच. रिकाम्या किल्ल्यातून केलेल्या गोड बोलण्याला कोणी धूप घालत नाही. भाच्याला हे कळलं तेव्हा त्याचा माझ्याबद्दलचा आदर बराच वाढला.

परिषदेत मीच दरवेळी निवडून येते असं नाही. कधी साक्रांचा राजा येतो. तेव्हा खेळ विचारतो, निकाल मान्य आहे का? नाही म्हटलंत तर बाकीचे सगळे एक होऊन तुमच्यावर चालून येतात, ती शेवटची लढाई. हो म्हटलंत तर डाव तिथेच मिटतो. तरुण मंडळी 'नाही'च दाबतात. त्यांना 'हो' हा पर्याय आहे हेच अपमानास्पद वाटतं.

आमच्या घरात हा प्रश्न निकालात निघालेला आहे. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फुलावर शिक्का, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांवर. माझ्या वडिलांनी फुलावर मारला, फोंड्यातल्या त्यांच्या सगळ्या मित्रांनी फुलावर मारला, आणि 34,021 मतांनी पानं जिंकली. घरात त्या रात्री जेवण झालं की नाही याबद्दल दोन आवृत्त्या आहेत. पण निकाल मानला. आणि गंमत अशी की विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष हरला, आणि त्याच वर्षीच्या विधानसभेच्या निवडणुकीत लोकांनी त्यालाच परत सत्तेवर बसवलं, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. वडील वारेपर्यंत मराठी वर्तमानपत्र वाचत आणि कोंकणीत भांडत राहिले. मला खेळातला तो 'हो' दाबायला त्यामुळे जड जात नाही. हिशेबात हरले तर हरले. मत मोजणं मान्य करून बसायचं आणि आकडा न आवडल्यावर पट उधळायचा, ही रीत मला परग्रहावरही पटत नाही.

याच्यानंतर पुष्कळ खेळ आले. 1996 चा दुसरा 'ओरायन' बऱ्याच जणांना पहिल्यापेक्षा आवडतो. मला त्यात इमारती बांधण्याचा पसारा फार वाटतो. 'एंडलेस स्पेस 2' देखणा आहे. 'स्टेलारिस'मध्ये राजकारण खूप, पण घड्याळ धावतं आणि कुकर माझा.

कोणी नव्यानं बसणार असेल तर माणसं घ्या. बोलणी आणि व्यापार दोन्हींत त्यांना झुकतं माप आहे. सायलॉन घेऊ नका. त्यांना विद्या इतकी येते की कुणाकडे काही मागायची वेळच येत नाही, मग बोलणार कशाला? बुलराथी, म्हणजे अस्वलांसारखे लढवय्ये, माझ्या भाच्यासाठी सोडा. आणि अंगात रग असेल तर डार्लॉक, हेरांची जमात, सगळे आधीपासूनच ज्यांच्याकडे संशयानं बघतात. त्यांना घेऊन परिषद जिंकणं मला अजून साधलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला साधलं असेल तर पहिला तह कुणाशी केलात तेवढं कळवा.