लग्न नव्हतं पण फ्लॅट आणि लोन दोघांच्या नावावर होतं, वेगळं होतानाचा माझा अनुभव

आम्ही लिव्ह-इनमध्ये राहत होतो, फ्लॅट दोघांच्या नावावर आणि होम लोनही दोघांच्या नावावर. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा जो तो म्हणायचा, बरं झालं लग्न केलं नव्हतंस, डिवोर्सची कटकट नाही. वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, कटकट आहेच, फक्त आपसात नाही जमलं तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावायचा, भावाभावांत लावतात तसा.

माझा पार्टनर म्हणायचा ईएमआय माझ्या खात्यातून गेलेत म्हणजे घर माझं. हे सारखं ऐकून मला धाकधूक वाटायला लागलेली. पण ॲग्रीमेंटमध्ये हिस्सा लिहिलेला नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं, ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि कोणी किती घातले ते सिद्धच होत नसेल तर निम्मा-निम्मा धरतात. मग काय, सगळी बँक स्टेटमेंट्स प्रिंट काढून हायलायटर घेऊन बसले. डाऊन पेमेंटसाठी मी एफडी मोडलेली ती एन्ट्री सापडली, त्याच आठवड्यातली बिल्डरची पावती सापडली, स्टॅम्प ड्युटीही माझ्याच खात्यातून गेलेली. किराणा, मेंटेनन्स, लाईट बिल, कामवाल्या ताईंचा पगार हे सगळं मी बघायचे कारण आमचं ठरलंच होतं की तू ईएमआय भर, मी घर चालवते. हा खर्च हिश्श्यात किती धरला जाईल ह्याची खात्री मॅडमनी दिली नाही आणि मला ह्याचाच जास्त राग येतो, अहो घरचं सगळं दुसरं कोणीतरी भरतंय म्हणूनच ईएमआयला पैसे उरतात ना! नशिबाने हे ठरलेलं त्याने स्वतः व्हॉट्सॲपवर लिहिलेलं होतं, तो मेसेज पुढे ठेवल्यावर बोलणीचा सूरच बदलला.

पोटगीचं बऱ्याच जणी विचारतात. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारखं नातं असलेल्या बाईलाही संरक्षण आहे, त्यात आर्थिक छळसुद्धा येतो आणि राहत्या घरातून कायद्याच्या प्रक्रियेशिवाय परस्पर काढता येत नाही. पण प्रत्येक लिव्ह-इन त्यात बसत नाही, २०१० च्या वेलुसामी निकालात सुप्रीम कोर्टाने अटी सांगितल्यात, दोघंही लग्न करायला कायद्याने मोकळे हवेत, बराच काळ एकत्र राहिलेले हवेत, लोकांत जोडपं म्हणून वावरलेले हवेत वगैरे. माझ्याकडे छळ नव्हता, हिशोब होता, म्हणून त्या वाटेला गेले नाही.

खरा घोळ लोनचा. तो म्हणाला तू आधी हक्कसोड पत्र दे, लोनचं मग बघू. मॅडम म्हणाल्या अजिबात सही करायची नाही, कारण घरातला हक्क गेला तरी बँक पूर्ण कर्ज तुझ्याकडून वसूल करू शकते. बँकेला आमच्या ब्रेकअपशी काही देणंघेणं नाही, आणि तसं तिथल्या साहेबांनी तोंडावर सांगितलंही. शेवटी बँकेने त्याच्या एकट्याच्या पगारावर लोन बसतंय का ते तपासलं, माझं नाव काढायला लेखी मंजुरी आणि एनओसी दिली, आणि मगच मी माझ्या हिश्श्याचे पैसे खात्यात घेऊन दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड पत्र रजिस्टर केलं. नोटरी करून भागतं असं एजंट सांगत होता, स्थावर मालमत्तेला ते चालत नाही.

त्याच एजंटने गिफ्ट डीडचंही सुचवलं, दोनशे रुपयांच्या स्टॅम्प ड्युटीत काम होतं म्हणून. महाराष्ट्रात राहत्या घराच्या गिफ्टला ती सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडं ह्यांना आहे, पार्टनरला नाही. आम्हाला हिश्श्याच्या बाजारभावावर खरेदीखतासारखी पूर्ण स्टॅम्प ड्युटी बसली, ती त्याने भरायची हे मी आधीच लिहून घेतलेलं. शिवाय इन्कम टॅक्सच्या लेखी पार्टनर नातेवाईक नाही, त्यामुळे पन्नास हजारांच्या वरचं गिफ्ट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. मला मिळालेल्या रकमेवर कॅपिटल गेन किती ते सीएने बघितलं.

नंतर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून नाव काढलं, जॉइंट अकाउंट बंद केलं, विमा आणि म्युच्युअल फंडाचे नॉमिनी बदलले. सिबिल रिपोर्टमध्ये लोन अजून माझ्या नावावर दिसत होतं, बँकेचं पत्र जोडून तक्रार टाकल्यावर ते निघालं.