हिरवा फ्यूज देणार नाही

आमच्याकडं ॲम्ब्युलन्सवाले फ्यूज अँपिअरनं मागत नाहीत, रंगानं मागतात. "भावा, एक हिरवा दे की." हिरवा म्हणजे ३० अँपिअरचा. आधी कुठला होता विचारलं की म्हणतात निळा होता पण सारखा उडतोय. निळा १५ चा, म्हणजे थेट डबल. वर चेहरा असा की बघ, माझा मीच प्रॉब्लेम सोडवला, तू फक्त पैसे घे.

मिरज दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पण पेशंट येतात, त्यामुळं रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला तोटा नाही आणि माझं ऑटो इलेक्ट्रिकचं निम्मं काम त्यातच. ॲम्ब्युलन्ससाठी एआयएस-१२५ नावाचं स्टँडर्ड आहे, पण जुन्या गाड्या बऱ्याच अशा की साधी व्हॅन घेतली, मग सायरन एकानं बसवला, सक्शन (पेशंटच्या घशातली घाण जारमध्ये ओढून घ्यायचं मशीन) दुसऱ्यानं, इन्व्हर्टर तिसऱ्यानं, आणि प्रत्येकानं जिथं लाईन मिळाली तिथनं टॅप मारला.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एका ट्रस्टची गाडी आली, ड्रायव्हर मामा म्हणाले मागं वास येतोय. छताचं लायनिंग खाली ओढलं तर १ चौरस मिलिमीटरची लाल वायर, तिचं इन्सुलेशन वितळून फोमला चिकटलेलं, फोम चहाच्या रंगाचा झालेला आणि मध्ये दोन ठिकाणी नुसतं तांबं उघडं. तिथनं हातभर अंतरावर ऑक्सिजनचा सिलिंडर. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण गळती असेल तर साधी ठिणगी पण कशी भडकते ते सांगायला नको. गाडीत पेशंट नव्हता म्हणून निभावलं.

झालं काय होतं, तर सक्शनचा जार कधीतरी भरून वाहिला होता, ते पाणी पंपात जाऊन सुकलं आणि पंप जड फिरायला लागला, कधी जाम व्हायचा. मोटर जाम झाली की नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून १५ चा फ्यूज उडत होता, म्हणजे तो त्याचं काम करत होता बिचारा! त्याच्या जागी ३० चा बसला आणि मोटर मागेल तेवढा करंट वायरनं पोचवला, फ्यूज थंड, वायर हीटर.

फ्यूज मशीनला वाचवायला नसतो हो, वायरला वाचवायला असतो. हे मला पण सुरुवातीची चार वर्षं कळलं नव्हतं, उस्तादानं सांगितलं १५ टाक की १५ टाकायचा.

आता मी असं करतो. आधी लोड. स्टिकरवरचे वॅट भागिले १२ (बॅटरीचे व्होल्ट), पण त्यावर विसंबायचं नाही, डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) लावून फुल लोडवर बघायचं. १०० वॅटचा सायरन कागदावर ८.३ अँपिअर, ॲम्प्लिफायरचं खाणं धरून साधारण १० धरा. त्याच्या सव्वापट म्हणजे साडेबारा, वरचा फ्यूज १५ चा. मग वायर बघायची. मी तिथं २.५ चौरस मिलिमीटरची ओढतो, ती १५ आरामात झेलते. पण समजा गाडीत आधीच बारीक वायर असेल आणि १५ तिला जास्त होत असेल, तर वायर बदलायची. फ्यूजचा आकडा वायरच्या ताकदीच्या वर कधीच जाऊ द्यायचा नाही, मग लोड काय पण असू दे.

इन्व्हर्टरमध्ये सगळे फसतात. ६०० वॅट भागिले १२ म्हणजे ५०, मग ५० चा फ्यूज टाकला, झालं. अहो तो ६०० बाहेर देतो, आत जास्त घेतो. ८५ टक्के एफिशियन्सी धरली तर ५९, आणि बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आली तर ६४. सव्वापट केलं की ८०. तिथं हा नेहमीचा छोटा पातीचा फ्यूज चालत नाही, नट-बोल्टनं आवळायचा मोठा लागतो आणि केबल २५ ची. फायर ब्रिगेडच्या मोठ्या गाड्या २४ व्होल्टच्या असतात, तिथं त्याच वॅटला करंट निम्मा, इथला हिशोब तिथं चालवायचा नाही.

अजून एक गोष्ट म्हणजे लांबी. बॅटरी पुढं, सामान मागं, ५ मीटर जायला ५ यायला. २.५ च्या वायरचा १० मीटरला रेझिस्टन्स ०.०७ ओहम, १५ अँपिअर गेले की जवळपास १ व्होल्ट वाटेतच गेला. वायर तापत नाही, फ्यूज उडत नाही, तरी सक्शन ओढत नाही म्हणून तक्रार. तिथं ४ ची किंवा ६ ची टाका.

आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे. मशीनजवळ लावून पुढची ५ मीटर वायर उघडी सोडलेल्या गाड्या मी रोज बघतो. ती वायर बॉडीला घासली तर मधे अडवायला कोण आहे? म्हणून बॅटरीशेजारी एक मेन फ्यूज, तिथनं जाड केबल मागच्या फ्यूज बॉक्सला, आणि तिथं सायरन, दिवे, सक्शन सगळ्यांना आपापला वेगळा. सायरनच्या हॉर्नमध्ये पावसाचं पाणी गेलं म्हणून सक्शन बंद पडायला नको.

स्वस्तातल्या फ्यूजबद्दल पण ऐका. पाकिटातला एक लाल, म्हणजे १० चा घेतला, सहा ५५ वॅटचे हॅलोजन लावले, साधारण २७ अँपिअर. प्लास्टिक वितळून टेबलावर आलं, आतली पट्टी शाबूत! त्यापेक्षा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे बरे म्हणायची वेळ आली (नाही, ते पण बरे नाहीत). चांगला १५ चा फ्यूज सुद्धा १६ ला लगेच उडत नाही, २० गेले तरी थोडा वेळ टिकतो, म्हणून तर वायरला मार्जिन ठेवायचं.

त्या मामांच्या गाडीचं वायरिंग पूर्ण नवं केलं, बॉक्सच्या झाकणात आतनं कागद चिकटवला, कुठला रंग कुठं, आणि प्रत्येकी दोन स्पेअर. हिरवा एकही ठेवला नाही. दिवाळीत रात्री साडेअकराला फोन, "भावा, सक्शनचा निळा उडला." म्हटलं दुसरा निळा लावा, तो पण उडला तर पंप खोला. दहा मिनिटांनी परत फोन.

"जार भरलाय की रं."