तुम्ही विचारलंत म्हणून: गाळ उपसून का टाकत नाही?

"मॅडम, कारखाना बंद झाला, पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, मग पारा येतो कुठून? आणि गाळात असेल तर उपसून टाका की!" पुण्यात पाऱ्यावर कुठेही बोलले की चहाच्या वेळी हे ठरलेलं. आता एकदाच लिहून टाकते.

पारा पाण्यात फारसा राहत नाही. बारीक मातीला, कुजक्या पाल्याला धरून तळाशी बसतो. बाटलीभर पाणी तपासून हुश्श करणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळे. प्राणवायू नसलेल्या त्या काळ्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे शरीरात सहज शिरणारं जास्त विषारी रूप, करतात. तो किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत साठत जातो, पाण्यातल्यापेक्षा लाखो पटींनी. तळा, चिंच घाला, तो जात नाही.

हेच मी एका सभागृहात सांगितलं. उदाहरण जपानच्या मिनामाताचं दिलं, जिथे कारखान्याने खाडीत सोडलेल्या पाऱ्याचे मासे खाऊन माणसं आजारी पडली. दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या नावासकट फिरलं: 'उजनीच्या माशांत पारा'. उजनीचं नावही मी घेतलं नव्हतं.

रविवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेले, तर नेहमीच्या मावशींनी माझ्याकडे बघितलंच नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाचं मापून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, तुमी बोलला म्हनं. आमचं निम्मं गिऱ्हाईक गेलं."

"मी असं म्हटलंच नाही, मावशी."

"मग सांगा की लोकास्नी, मासे चांगले हायेत म्हनून. तुमचं ऐकत्यात."

हे मला सांगता येईना. न तपासलेल्या माशाला वाईट म्हणायचं नाही, तसं चांगलंही म्हणायचं नाही, हे मी त्यांना कसं समजावणार? तरी शहाणपण सुचलंच: "शेवाळ खाणाऱ्या चिलापीत असलं कमी साठतं, दुसरे मासे खाणाऱ्या मरळीत जास्त." मावशी सुरी पुसत म्हणाल्या, "मरळीलाच तर भाव हाय." मी अर्धा किलो चिलापी घेतली. त्यांनी पैसे मोजून घेतले. एरवी कधी मोजत नसत.

तेव्हापासून 'उपसा की' म्हणणाऱ्यांशी मी जरा तुसडेपणाने वागते, हे मान्य. पण उपसताना ढवळलेला गाळ पुढच्या गावाकडे वाहत जातो. मिनामाताच्या खाडीतला गाळ काढायला 1977 ते 1990 इतकी वर्षं लागली. सुमारे 15 लाख घनमीटरचा प्रश्न होता, आणि खाडीचाच एक भाग बांधून काढून तो त्यात पुरावा लागला. तुमचा डंपर कुठे रिकामा होणार? कुणाच्या शेतात?

पूर्वी मी ठामपणे म्हणायचे, हात लावू नका, वरून नवा गाळ बसेल, जुना झाकला जाईल. ते अगदी खोटं नाही. पण कॅनडात वॅबिगून नदीत 1962 ते 1970 मध्ये सोडलेल्या काही टन पाऱ्याने पन्नास वर्षांनंतरही तिथल्या आदिवासींचे मासे सोडलेले नाहीत. आणि आपल्याकडे खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेचा तळ जागेवर थोडाच राहतो?

तेव्हा माझं आजचं म्हणणं एवढंच: आधी नळी खोल घालून थराथराचे नमुने काढा, त्याच जागचे मासेही तपासा, आणि ते आकडे सभागृहाआधी मासळी बाजारात लावा. उपसायचं की झाकायचं, यावर मी अजून स्वतःशीच भांडतेय. पुढच्या वेळी चहाच्या वेळी विचारलंत तर कदाचित उलट बोलेन.