बिटकॉइनचे मशीन आणि पाच एचपीची मोटर

बिटकॉइन या संगणकावर चालणाऱ्या चलनाला लागणाऱ्या विजेची तुलना वर्तमानपत्रांत एखाद्या देशाच्या वापराशी केली जाते, पण कर्नाटकातल्या आमच्या चिकोडी-हुक्केरीकडच्या माणसाला ती मोटरीच्या हिशेबात सांगितली तर लगेच समजते. नवे बिटकॉइन काढण्यासाठीच बनवलेले आजचे एक मशीन साधारण साडेतीन किलोवॅट वीज घेते, म्हणजे विहिरीवरच्या पाच एचपी मोटरीच्या जवळपास. आमच्याकडे शेतीला थ्री फेज करंट दिवसाकाठी सात तास आणि तोही पाळीने मिळतो, त्यामुळे रात्रीची पाळी आली की ऊस भिजवणारा बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. मशीन मात्र चोवीस तास चालवावे लागते. त्याचे दिवसाला 84 युनिट होतात आणि महिन्याला अडीच हजार.

एवढ्या विजेवर ते करते काय? व्यवहारांच्या एका ब्लॉकला, म्हणजे गठ्ठ्याला, एक आकडा जोडते, एसएचए-256 या गणिती प्रक्रियेतून उत्तर काढते आणि ते ठरलेल्या मर्यादेखाली आले नाही तर आकडा बदलून पुन्हा तेच करते, सेकंदाला लाखो कोटी वेळा. ज्याचे उत्तर आधी जुळते त्याचा ब्लॉक सगळ्या व्यवहारांच्या सामायिक वहीत चढतो आणि त्याला, एप्रिल 2024 पासूनच्या दराने, 3.125 नवे बिटकॉइन मिळतात. यालाच प्रूफ ऑफ वर्क म्हणतात. जुनी नोंद खोडायची तर तेवढी वीज पुन्हा जाळावी लागते, म्हणून वही सुरक्षित राहते. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी बँकेवाचून एकच वही राखावी, ही 2009 पासून चालत आलेली किमया खरी आहे आणि ज्या देशात चलन कोसळते किंवा सरकार खाती गोठवते तेथे तिचा आधारही वाटत असेल.

माझा आक्षेप वेगळा आहे. दर 2,016 ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनीच निघावा अशा बेताने हे उत्तर जुळवण्याचे कोडे अवघड किंवा सोपे केले जाते. त्यामुळे मशिने दुप्पट झाली तरी व्यवहार वाढत नाहीत; ते सेकंदाला जेमतेम सातच होतात. वीज वाढते ती लोकांची गरज वाढली म्हणून नव्हे, भाव वाढला म्हणून. कारण भाव चढला की जास्त वीज जाळणे परवडते. केंब्रिज विद्यापीठाच्या 2025 च्या अहवालात वर्षाचा वापर सुमारे 13,800 कोटी युनिट, म्हणजे जगाच्या विजेच्या अर्धा टक्का, असा अंदाज आहे. हे अटळही नाही. इथेरियम या अशाच दुसऱ्या चलनाने सप्टेंबर 2022 मध्ये प्रूफ ऑफ वर्कची पद्धत सोडली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला. आमच्या भागात तर बिटकॉइन घेणारा तो भाव वाढेल म्हणूनच घेतो. निपाणीच्या बाजारात भाजीचे पैसे यूपीआयनेच दिले जातात.

माझा भाचा मध्यंतरी म्हणाला, ‘मामा, विहिरीवरचा करंट फुकटच आहे की, एक मशीन बसवूया.’ मी त्याला सांगितले की दहा एचपीपर्यंतच्या मोटरींना मिळणारी ती सवलत पाण्यासाठी आहे आणि तिचे पैसे सरकार सगळ्यांच्या करातून भरते. त्यावर स्वतःची नाणी काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाळीचे पाणी वळवणे आहे. गावठाणाच्या लाइनवरून पूर्ण दराने चालवायचे म्हटले तरी कमाईवर 30 टक्के कर आहे, आणि त्याआधी बिल आहे. शिवाय उन्हाळ्यात भार वाढून व्होल्टेज पडले की पिठाची गिरणी अडते आणि मोटरींचे वाइंडिंग जळते. अशा ट्रान्सफॉर्मरवर रात्रंदिवस न थांबणारा साडेतीन किलोवॅटचा भार टाकायला माझी संमती नाही, हेही मी त्याला स्पष्ट सांगितले.