नंबर जुळवून साठवायचा की सुटा?

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करताना हा प्रश्न येतोच येतो आणि माझं त्यावर ठाम मत आहे, म्हणून लिहितोय. बिलाचा नंबर असतो ‘आरव्हीआर/२४-२५/९’ असा, म्हणजे रावेर केंद्राचा कोड, आर्थिक वर्ष आणि अनुक्रमांक. आता जावाच्या एन्टिटीत (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासमध्ये) ही आख्खी स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, एका फील्डमध्ये टाकायची, की केंद्र, आर्थिक वर्ष आणि अनुक्रमांक अशी तीन फील्डं ठेवून दाखवायच्या वेळी नंबर जुळवायचा?

सुटंच ठेवा. स्ट्रिंग साठवली की पहिला त्रास यादीतच दिसतो, १० नंबरचं बिल ९ च्या आधी येऊन बसतं, कारण तुलना एकेका अक्षराची होते. मग कोणीतरी पुढे शून्यं लावतं, ०००९, आणि बिलं ९९९९ च्या वर गेली की परत तेच. ‘भाऊ, सावद्याची या वर्षाची सगळी बिलं काढ’ म्हटलं की स्ट्रिंग कापत बसा. अनुक्रमांक इंटिजर असला आणि तिन्ही कॉलमवर मिळून युनिक लावलं (तीच जोडी दुसऱ्यांदा घेऊ नको असं डेटाबेसला सांगितलं) की ही कटकटच राहत नाही.

ताज्या केळीला जीएसटी नाही, पण नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला बिल ऑफ सप्लाय (कर न लागणाऱ्या मालाचं बिल) द्यावंच लागतं आणि नियम ४९ प्रमाणे त्याचा नंबर सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा लागतो. डेटाबेसचा सिक्वेन्स (आपोआप पुढचा आकडा देणारी सोय) वापरला तर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे काम अर्ध्यात रद्द झालं, की मधला आकडा वाया जातो, म्हणून मी काउंटरची वेगळी रो ठेवतो आणि तिच्यावर लॉक घेऊन (तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला हात लावू न देता) पुढचा आकडा काढतो. आकडा सुटा आहे म्हणूनच हे सोपं आहे.

आता जुळवायचं कुठे? एन्टिटीत एक साधी मेथड, बस. कॉलमशी जोडणी, म्हणजे मॅपिंग, गेटरवर (व्हॅल्यू परत देणाऱ्या मेथडवर) केलं असेल (आयडीचं ॲनोटेशन, म्हणजे खूण, गेटरवर असलं की हायबरनेट, म्हणजे जावा आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी, तसंच धरतं) तर त्या मेथडला ट्रान्झियंट (हिला कॉलम नाही अशी खूण) लावायला विसरू नका, नाहीतर ते तिचा कॉलम शोधायला जातं. आणि मॅप केलेल्या गेटरमध्येच फॉरमॅटिंग तर अजिबात करू नका, कारण फ्लशच्या वेळी (बदल डेटाबेसमध्ये लिहिताना) हायबरनेट गेटरमधून आलेली व्हॅल्यू डेटाबेसमधून वाचलेल्या व्हॅल्यूशी ताडून बघतं, फरक दिसला की रेकॉर्ड बदललंय असं समजून अपडेट चालवतं, आणि तुम्ही तर नुसती यादी उघडलेली असते! असली चूक शोधायला लय वेळ जातो.

पण हे झालं आपण स्वतः ठरवलेल्या नंबरचं. दुसऱ्यानं दिलेला नंबर फोडू नये. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे आपले २७, मग १० अक्षरांचा पॅन, हे सगळं माहीत असलं तरी तो सलग एकाच फील्डमध्ये. गाडी नंबरचंही तेच, जळगावची गाडी ‘एमएच १९’ म्हणून राज्य, जिल्हा अशी फील्डं पाडली तर २०२१ ला खाजगी गाड्यांसाठी बीएच सिरीज आली तिचं काय करणार, तिच्यात वर्ष आधी येतं आणि जिल्हा नाहीच. फक्त स्पेस आणि डॅश काढून, कॅपिटल करून साठवा, म्हणजे वजनकाट्यावरचा मुलगा कसाही टाईप करो, गाडी एकच सापडते. स्पेस दाखवताना टाका.

राहिला छापलेला बिल नंबर. उद्या केंद्राचा कोड ‘आरव्हीआर’चा ‘आरएव्ही’ केला तर जुळवणारी मेथड मागच्या वर्षीच्या बिलावरही नवीन नंबर दाखवेल आणि पार्टीच्या (गिऱ्हाइकाच्या) हातातल्या कागदावर जुनाच असेल, हे चालायचं नाही. म्हणून बिल पक्कं होताना जुळवलेला नंबरही वेगळ्या कॉलममध्ये एकदाच लिहायचा, त्या कॉलमला अपडेटेबल फॉल्स करायचं (नंतर बदलता येणार नाही असं), आणि नंतरची प्रत काढताना तोच छापायचा. काटा पावती (वजनाची पावती) आपल्या आतल्या कामाची, तिला सुटे तीन कॉलम पुरतात.